वाचक विचारतात : पाण्याखालून सोडायचा बोया

पावसाळा सरून ऑक्टोबरात पाणी निवळू लागलं की स्कूबाबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदा त्यातली बरीचशी एकाच वस्तूबद्दल आहेत : सरफेस मार्कर बोया. पाण्याखालचा डायव्हर कुठे आहे हे वर होडीला दाखवणारी, हवा भरली की उभी राहणारी ही लांबट रंगीत नळी. डाइव्हभर दोरीने ओढत नेतात ती एसएमबी, आणि डाइव्हच्या शेवटी खालूनच हवा भरून वर सोडतात ती डीएसएमबी. बोलताना दोन्हींना एसएमबीच म्हणतात, आम्हीही इथे तेच करतो. उत्तरं पाण्याखाली शिकवणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : ॲडव्हान्स्ड कोर्स झाला आहे, डिसेंबरात अंदमानला स्वराज द्वीपला जायचं आहे. स्वतःची एसएमबी घ्यायची तर १ मीटरपासून १.८ मीटरपर्यंत, तळ उघडा असलेल्या, बंद, व्हॉल्व्हवाल्या अशा नाना तऱ्हा दिसतात. कोणती घ्यावी? (पुणे)

१.२ ते १.४ मीटर उंच, सपाट पसरल्यावर निदान १५ सेंटीमीटर रुंद, तळ बंद, तोंडाने हवा भरायची छोटी नळी आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेली घ्या. तुमच्या कामाला हीच योग्य. का ते सांगतो, म्हणजे दुकानात दुसरी कुणी गळ्यात मारणार नाही.

उंची सगळे बघतात, रुंदी कुणी बघत नाही. एसएमबी पाण्यावर आपण होऊन उभी राहत नाही. खालून दोरी ताणून धरली तरच ती उभी राहते. दोरी सैल सोडली की आडवी पडते आणि अर्ध्या मीटरच्या लाटेतही दिसेनाशी होते. आता हिशेब करा. तुम्ही दोरीवर २ किलोचा ताण दिला, तर नळीचा २ लिटरचा भाग पाण्याखाली जाणार. सपाट पसरल्यावर १२ सेंटीमीटर रुंद असलेली नळी फुगली की दर १० सेंटीमीटर उंचीला अर्ध्या लिटरहूनही कमी हवा धरते. म्हणजे १ मीटरच्या नळीतले ४० ते ४५ सेंटीमीटर पाण्याखाली गेले आणि वर उरली जेमतेम अर्धा मीटर. १५ सेंटीमीटर रुंदीच्या १.२ मीटर नळीत सुमारे साडेआठ लिटर हवा मावते. तेवढ्याच ताणाला ती २८ सेंटीमीटर बुडते आणि ९० सेंटीमीटर वर राहते. होडीवरून बघणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

मग थेट १.८ मीटरची, २० सेंटीमीटर रुंद का नको? ती दिसते सगळ्यात चांगली, पण पूर्ण फुगायला तिला जवळजवळ २३ लिटर लागतात. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथे निम्मी, साडेअकरा लिटर हवा भरावी लागेल. एका मोठ्या उच्छ्वासात बाहेर पडते ती फार तर ३-४ लिटर. तीन-चार दमांत भरायची तर तेवढा वेळ दहा किलोच्या आसपास वर ओढणारी वस्तू हातात धरून बसायचं. खुल्या समुद्रात, जोरदार करंटमध्ये (पाण्याच्या प्रवाहात) नेहमी डाइव्ह करणारे अनुभवी लोक ती वापरतात. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

तळाबद्दल. उघड्या तळाची नळी भरायला सोपी : बुडबुडे खालून आत सोडले की झालं. पण वर पोहोचल्यावर दोरी क्षणभर सैल पडली की ती आडवी होते, हवा निसटते आणि ओल्या फडक्यासारखी लोळत राहते. वर तरंगताना ती तोंडाने पुन्हा भरणं जवळपास अशक्य. काही नळ्यांच्या तळाशी आतून चपटी पाकळी असते. हवा आत जाते, बाहेर येत नाही. हा मधला मार्ग चांगला आहे, फक्त तोंडाने भरायची नळीही सोबत असू द्या. पूर्ण बंद नळी वर आल्यावर काखेत घालून तासभर धरली तरी फुगलेली राहते.

व्हॉल्व्हची गरज हवेच्या प्रसरणामुळे. १० मीटरवर नळी काठोकाठ भरून सोडली तर वर येईतो तीच हवा दुप्पट जागा मागते. व्हॉल्व्हने जादा हवा बाहेर टाकली नाही तर सांधे उसवतात. विकत घेण्याआधी व्हॉल्व्हची दोरी ओढून बघा. त्याच दोरीने शेवटी नळी रिकामी करायची असते. तिच्या टोकाची गोळी ओल्या बोटांच्या चिमटीत येते ना, हे जरूर पाहा.

कापड पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं नायलॉन असावं. जाड पीव्हीसी स्वस्त पडतं, पण ते घडीच्या रेषेवर कडक होऊन तडकतं. रंग नारिंगी किंवा भडक गुलाबी. वरच्या टोकाला परावर्तक पट्टी, तिच्याजवळ फ्लॅशलाइट अडकवायला कडी. आणि नळीवर आपलं नाव जाड पर्मनंट मार्करने, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत लिहा. पाच-सहा नळ्या पाण्यावर असल्या की कुठला गट वर आला हे होडीवाल्याला त्यावरूनच कळतं.

प्रश्न : रीळ घ्यावं की फिंगर स्पूल? दोरी किती मीटर? (नाशिक)

स्पूल, म्हणजे मधे भोक असलेली, दोरी गुंडाळायची साधी चकरी. त्याला मूठ नाही, ब्रेक नाही, हलणारा एकही भाग नाही. म्हणून अडकायलाही फारसं काही नाही. रीळ गुंडाळायला झटपट असतं, ३०-४० मीटरवरून नळी सोडणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण रिळाच्या चकतीमागे दोरीचा एक वेढा घसरला की ते जागच्या जागी घट्ट बसतं, आणि नेमकं तेव्हा नळी वर धावत असते.

दोरी ३० मीटर. तुम्ही १० मीटरवरून सोडणार असलात तरी करंटमध्ये दोरी तिरकी जाते, तेव्हा सोडायच्या खोलीच्या दीडपट तरी दोरी हवी. १५ मीटरचा स्पूल खिशात छान मावतो, पण ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपपुरताच (वर येण्याआधीच्या थांब्यापुरताच) तो ठीक. दोरी विणलेली, दीड ते दोन मिलिमीटर जाड, पांढरी किंवा भडक रंगाची. फार बारीक दोरी बोटात रुतते. स्पूल काठोकाठ भरलेला नको. भिजलेली दोरी फुगून कडेवरून घसरते. कडेपासून अर्धा सेंटीमीटर मोकळा हवा.

स्पूलसोबत दोन्हीकडे हूक असलेला बोल्ट स्नॅप येतो, त्याला डबल-एंडर म्हणतात. तो पितळी किंवा ३१६ स्टीलचा असावा. साधं स्टेनलेस खाऱ्या पाण्यात मोसमभरात चिकटू लागतं. दोरी नळीला हुकाने अडकवू नका. दोरीच्या टोकाचा फासा नळीच्या कडीतून ओवून घ्या आणि मग अख्खा स्पूल त्याच फाशातून काढा. हा वेढा ताण येईल तसा घट्ट होतो, आणि उघडून जायला त्यात हूक नसतो.

प्रश्न : एसएमबी सोडताना मी दर वेळी दोन-तीन मीटर वर उचलला जातो. कोर्समध्ये बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल) चांगली होती. चूक कुठे होते? (मुंबई)

हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं. असं वर जाणं किरकोळ नव्हे. १० मीटरपासून पृष्ठभागापर्यंतच्या पट्ट्यात हवेचं आकारमान दुप्पट होतं, आणि श्वास रोखून दोन-तीन मीटर वर गेल्याने फुप्फुसाला इजा होऊ शकते. कारणं बहुधा तीनच असतात.

पहिलं कारण मानेत आहे. नळी बघायला तुम्ही मान वर करता, मानेमागे छाती उठते, अंग उभं होतं आणि पाय मारायची सवय चालूच राहते. आडवे असताना पुढे नेणारे फिन्स उभं झाल्यावर वर नेतात. नळी भरताना पाय थांबवा, गुडघे किंचित वाकवा. सोबत्याला तुमच्या समोर, हाताच्या अंतरावर राहायला सांगा. त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलात की खोली राखणं सोपं जातं.

दुसरं कारण श्वासाचं. फुप्फुसातली हवा नळीत गेली आणि नळी हातातच असली, तर तुमची एकूण बॉयन्सी बदलत नाही. हवा एका जागेतून दुसरीकडे गेली एवढंच. वर नेतो तो त्यानंतरचा श्वास : नळीत २ लिटर आहेत, ती सोडली नाही, आणि तुम्ही पुन्हा २ लिटर आत घेतले. आता अंगावर २ किलोची जादा उचल आली. म्हणून ज्या दमात भरली त्याच दमात सोडायची. आधी भरभरून श्वास घेऊन तो धरून ठेवणं हीही याचीच दुसरी बाजू. नेहमीपेक्षा थोडा मोठा श्वास घ्या, लगेच नळीत सोडा, नळी मोकळी करा. सोडल्याक्षणी तुम्ही थोडे जड होता, पुढच्या श्वासाला बरोबर होता.

तिसरं कारण बीसीडीमध्ये, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटमध्ये, उरलेली हवा. सुरुवात करण्याआधीच ती काढून न्यूट्रल (ना वर जाणारे, ना बुडणारे) व्हा, नव्हे, किंचित जडच राहा.

आता पूर्ण क्रम सांगतो. सिलिंडरमध्ये ७०-८० बार दाबाची हवा असतानाच सुरू करा. ४० बारवर हात कापतात आणि घाई होते. जागा १० ते १२ मीटर खोलीची. ५ मीटरवरून सोडणं सोपं वाटतं, पण तसं नाही : तिथे ३ लिटर भरले तर वर जाऊन साडेचारच होतात आणि नळी लुळी राहते. १० मीटरवर भरलेले तेच ३ लिटर वर ६ होतात आणि १.२ मीटरची नळी बऱ्यापैकी ताठ होते. शिवाय १० मीटरवर एखाद-दुसरा मीटर इकडेतिकडे झाला तर सावरायला जागा असते.

सोबत्याला खूण करा. वर बघा आणि ऐका. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपट वेगाने जातो, त्यामुळे इंजिन कुठल्या दिशेला आहे हे कानांना कळत नाही. जवळ आहे की लांब एवढंच आवाज वाढतो का यावरून ओळखायचं. वाढत असेल तर थांबा.

नळी खिशातून काढून उलगडा आणि आधी अगदी चिमूटभर हवा सोडा. ती उभी राहते आणि दोरी कुठून कुठे जाते हे डोळ्यांना दिसतं. ती ऑक्टोपसच्या (श्वास घ्यायच्या जादा रेग्युलेटरच्या) होजमागून, गेजच्या नळीभोवतून किंवा मनगटावरच्या काँप्युटरखालून तर जात नाही ना? हे बघायला पाच सेकंद लागतात. बहुतेक गुंते याच पाच सेकंदांच्या आळसातून होतात.

मग डबल-एंडर स्पूलमधून काढून बीसीडीच्या डी-रिंगला लावा. फक्त हूक लावायचा. स्पूल किंवा दोरी अंगाला कुठेही, कधीही, क्षणभरही अडकवायची नाही. स्पूलचं मधलं भोक अंगठा आणि मधलं बोट यांच्या टोकांवर हलकेच पेला, म्हणजे तो चाकासारखा मोकळा फिरेल. बोट भोकात आरपार घालू नका. हात पूर्ण लांब करून नळी चेहऱ्यापासून दूर धरा. उच्छ्वास नळीत, आणि सोडा.

स्पूल फिरायचा थांबला की नळी पोहोचली. दोरीतली ढील लगेच गुंडाळा आणि हलका ताण द्या. डबल-एंडर पुन्हा स्पूलच्या कडेच्या भोकात घालून दोरी अडवा, म्हणजे हात मोकळा राहतो. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. जेवढं वर याल तेवढीच दोरी गुंडाळा. ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. दोरीला लटकू नका. लाट नळीला उचलते तेव्हा कोपर सैल असलं की झटका तिथेच जिरतो, हात ताठ असला की तुम्हीही लाटेबरोबर वर-खाली होता.

आणि मधेच स्पूल अडकला तर? हात उघडा, सगळं सोडून द्या. विचार करायचा नाही, सोडवायला जायचं नाही. नळी आणि स्पूल पुन्हा विकत मिळतात. शिवाय होडीला कुणीतरी इथे आहे एवढं तरी कळतंच, आणि सोबत्याजवळ दुसरी एसएमबी असते. म्हणूनच दोघांकडे दोन हव्यात.

हे सगळं आधी स्विमिंग पूलमध्ये, तीन-चार मीटर पाण्यात, अर्ध्या दमाने करून बघा. त्याच्याही आधी घरी उभ्याउभ्या, डोळे मिटून, नळी काढणं, उलगडणं, हूक काढणं-लावणं करा. बोटांना जागा पाठ झाल्या की पाण्यात लक्ष बॉयन्सीकडे राहतं.

प्रश्न : ऑक्टोपसने नळी भरायला गेलो की तो थांबतच नाही, भडाभडा हवा जात राहते. रेग्युलेटर बिघडला आहे का? (ठाणे)

बहुधा नाही. नळीचं तोंड खाली असतं म्हणून तुम्ही ऑक्टोपसचं तोंड वर करून आत खुपसता. त्या स्थितीत त्याचा रबरी पडदा तोंडापेक्षा खोल जातो आणि त्यावर काही सेंटीमीटर पाण्याचा जादा दाब येतो. चांगला रेग्युलेटर तेवढ्याने उघडतो, कारण हलक्या श्वासाला उघडण्यासाठीच तो बनवलेला असतो. ऑक्टोपसचं तोंड खाली किंवा आडवं ठेवा, नळीच्या तोंडाखाली चार बोटांवर धरा आणि पर्ज बटण (हवा सोडायचं) टिचकीएवढं दाबा. बुडबुडे आपोआप आत जातात. फ्री-फ्लो, म्हणजे अशी न थांबता जाणारी हवा, सुरू झालाच तर तोंड खाली फिरवा, थांबतो.

हवेची काटकसर म्हणून कुणी कमी भरत असेल तर तीही गरज नाही. १.२ मीटरची नळी पूर्ण भरायला पृष्ठभागावरच्या दाबाने साडेआठ लिटर हवा जाते; नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधून ती १ बारसुद्धा नाही. पण दहा सेकंदांचा फ्री-फ्लो त्याच्या कितीतरी पट हवा खातो.

आम्ही ऑक्टोपसऐवजी तोंडातल्या रेग्युलेटरच्या बुडबुड्यांनी भरायला शिकवतो. डोकं एका खांद्याकडे कलंडवलं की उच्छ्वासाचे सगळे बुडबुडे वरच्या बाजूच्या एकाच भोकातून निघतात. नळीचं तोंड तिथे धरायचं. रेग्युलेटर तोंडातच राहतो, श्वास रोखला जात नाही आणि ऑक्टोपसची होज नळीच्या दोरीत गुरफटण्याचा प्रश्नच उरत नाही. हे जमतं ते उघड्या किंवा पाकळीच्या तळाला. पूर्ण बंद नळीला तोंडाची छोटी नळी वापरावी लागते : रेग्युलेटर काढा, फुंका, परत घाला, पाणी उडवा, मग श्वास. रेग्युलेटर बाहेर असेल तेवढा वेळ बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी : थंडगार तळ्यात ऑक्टोपस पर्ज करणं टाळाच. तिथे वेगाने सुटणाऱ्या हवेने रेग्युलेटर गोठून खरोखर उघडा राहू शकतो.

प्रश्न : माझी होडी आहे, मोसमात डायव्हर घेऊन जातो. नळी वर आली की आम्ही नेमकं काय करायचं? पिवळी दिसली तर काय समजायचं? (मालवण)

तुम्ही विचारलंत याचा आनंद आहे, कारण हे ज्ञान डायव्हरांपुरतं राहून उपयोगाचं नाही.

नळी दिसली म्हणजे तिच्या खाली पाच-दहा मीटरवर माणसं आहेत. नेमकी सरळ खाली नाहीत. दोरी करंटने तिरकी असते, त्यामुळे माणूस नळीपासून काही मीटर बाजूला वर येऊ शकतो. निदान ५० मीटर लांब राहा, वेग कमी करा. माणसं वर येऊन हाताने डोक्यावर गोल करतील : सगळं ठीक. सरळ हात हलवणं म्हणजे मदत हवी. डायव्हरने सहज हात हलवायचा नसतो, आणि तुम्ही तो सहज आहे असं समजायचं नसतं. जवळ जाताना वाऱ्याने होडी त्यांच्या अंगावर जाईल अशा बाजूला थांबू नका, आणि माणूस हाताच्या टप्प्यात आला की इंजिन न्यूट्रलला. नळीची दोरी काठीने ओढून घेऊ नका. तिच्या दुसऱ्या टोकाला सेफ्टी स्टॉप करणारा माणूस असतो.

रंगाचं असं : नारिंगी, लाल, गुलाबी म्हणजे नेहमीची. काही देशांत पिवळी नळी अडचणीची, जादा हवा हवी असल्याची खूण मानतात. पण सगळीकडे तसं नाही, नुसती दिसायला चांगली म्हणूनही पिवळी घेतात. तेव्हा होडी सुटण्याआधी गटाच्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक वाक्यात ठरवून घ्या : पिवळीचा अर्थ काय, एका गटाने दोन नळ्या सोडल्या तर अर्थ काय, किती मिनिटांनी नळी दिसली नाही तर शोध सुरू करायचा.

किनाऱ्यावर जाळ्यांचे बोये, थर्मोकोलचे तुकडे, प्लास्टिकचे कॅन इतके तरंगत असतात की लांबून नारिंगी ठिपका म्हणजे जाळंच वाटतं. फरक ओळखायचा तो उंचीने : बोया पाण्याला टेकलेला असतो, नळी उभी असते. दुपारनंतर पश्चिमेला सूर्य पाण्यावर चमकतो तेव्हा रंग उरतच नाही, काळी उभी रेघ दिसते. सुकाणू धरणाऱ्यावर हे काम टाकू नका. नजर ठेवायला एक वेगळा माणूस, शक्य तर पोलराइज्ड गॉगल लावून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, तेव्हा गट ठरल्या जागेपासून किती लांब निघेल याचा अंदाज डायव्हरांपेक्षा तुम्हालाच जास्त असतो. तो त्यांना आधी सांगा.

होडीवर निळा-पांढरा ए झेंडा (पाण्याखाली डायव्हर असल्याची खूण) लावा. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत छोट्या नौकांसाठी त्याची कडक फळीवरची, १ मीटरपेक्षा कमी नसलेली प्रतिकृती सांगितली आहे, कारण वारा पडला की कापडी झेंडा लोंबतो. शेजारून जाणाऱ्या मच्छीमार बांधवांना आणि पॅरासेलिंगवाल्यांना हा झेंडा आणि ही नळी दोन्ही दाखवून ठेवा.

प्रश्न : तारकर्लीला पहिल्यांदाच स्कूबा करणार आहोत. एसएमबी न्यावी का? (कोल्हापूर)

नाही. पहिल्या अनुभवाच्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, होडी शेजारीच असते. शिकलेल्या नसलेल्या माणसाच्या हातात दोरी आणि फुगणारी नळी देणंच धोक्याचं. होडीवर झेंडा आहे का आणि वर कुणी लक्ष ठेवून आहे का, हे मात्र बघा.

प्रश्न : दुबईला असतो, ओमानमधल्या मुसंदमला डाइव्ह करतो. नळी सोडूनही होडीला दिसलो नाही तर काय? (दुबई)

१ नॉटचा करंट तुम्हाला मिनिटाला ३० मीटर नेतो. वीस मिनिटांत सहाशे मीटर. मुसंदमला त्याहूनही जोर असतो. म्हणून आपण वर आल्यावर नाही, नळी सेफ्टी स्टॉपच्या आधीच सोडा : होडीला तुम्हाला शोधायला ती तीन-चार मिनिटं जास्त मिळतात आणि तुम्ही वर येता तेव्हा ती जवळ आलेली असते.

वर आल्यावर बीसीडी पूर्ण फुगवा, वजनं गरज पडली तर टाका, एकमेकांचे पट्टे धरून एकत्र राहा. नळी खाली ओढून ताठ उभी ठेवा. होडीकडे करंटविरुद्ध पोहत सुटू नका, दमाल. शिट्टी वाऱ्याच्या दिशेलाच ऐकू जाते, आणि चालू इंजिनशेजारच्या माणसाला तीही नाही. आरसा ऊन असेल तर कितीतरी लांब चमकतो. एक हात लांब करून बोटांच्या बेचक्यात होडी धरा आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पाडून हलवा. संध्याकाळच्या डाइव्हला नळीच्या टोकाला फ्लॅशलाइट हवाच.

एक गोष्ट नळीने होत नाही. १९९८ साली ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर लोनर्गन नावाचं अमेरिकन जोडपं पाण्यात असतानाच होडी निघून गेली, कारण माणसं मोजण्यात चूक झाली होती. ते दोघे सापडले नाहीत. निघून गेलेल्या होडीला कुठलीच नळी दिसत नाही. नावं वाचून, प्रत्येकाने स्वतः ओ देऊन हजेरी घेतली जाते का, हे डाइव्हच्या आधी विचारा. विचारायला लाजू नका.

प्रश्न : दोन वर्षं ठेवलेली नळी आतून चिकटली आहे. वापरता येईल? (पणजी)

कोमट गोड्या पाण्यात तासभर भिजवा, आत थोडं पाणी घालून हळूहळू चोळा. ओढून सोडवलीत तर लेप निघून येईल. सुटली तर पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर सांध्यांवर आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. व्हॉल्व्हमध्ये बहुतेक वेळा वाळूचा कण असतो. तो धुऊन निघतो. सांधा सुटला असेल तर नळी फेकून द्या, चिकटपट्टी लावून समुद्रात नेऊ नका.

पुढे दर डाइव्हनंतर बाहेरून धुवा, आत पाणी गेलं असेल तर तेही गोड्या पाण्याने विसळून काढा, सावलीत वाळवा आणि घट्ट गुंडाळी न करता सैल घडी करून ठेवा. स्पूलवरची दोरी पूर्ण उलगडून धुवा. नळीजवळचे पहिले दोन-तीन मीटर सगळ्यात आधी झिजतात; बोटांतून ओढताना खरखर लागली तर तेवढा तुकडा कापा, टोक जाळून घट्ट करा आणि फासा नव्याने बांधा.